जर्मनीत नोकरी शोधायला टुरिस्ट व्हिसावर जावं की चान्सनकार्टवर?

तुम्ही लिहिलंय की वय २९, नागपूरचेच मेकॅनिकल बीई, बुटीबोरीत सहा वर्षं मेंटेनन्समध्ये, आणि एजंट म्हणतो, "आधी टुरिस्टवर पोचा, काम मिळालं की व्हिसा कन्व्हर्ट होतो." हेच वाक्य मी २०२३ साली सीताबर्डीतल्या एका ऑफिसात ऐकलं होतं आणि ३५ हजार 'फाइल चार्ज' भरून आलो होतो. ते पैसे परत मिळाले नाहीत.

भाऊ, टुरिस्टवर अजिबात जाऊ नका. शेंगेन (जर्मनीसह युरोपातल्या बऱ्याच देशांच्या सामायिक) व्हिजिट व्हिसावर १८० दिवसांत जास्तीत जास्त ९० दिवस राहता येतं, काम करता येत नाही. नोकरी मिळाली तरी त्यासाठीचा व्हिसा काढायला भारतात परत यावंच लागतं. व्हिसा कोणता सोपा मिळतो, हे मी विचारत बसलो होतो. विचारायला हवं होतं ते हे, की उतरल्या दिवसापासून तो मला काय काय करू देतो?

चान्सनकार्ट म्हणजे काम शोधण्यासाठीचाच जर्मन परवाना, १ जून २०२४ पासून सुरू झालेला. एक वर्षापर्यंत राहून काम शोधा. तोवर आठवड्याला २० तास पार्टटाइम चालतं, आणि एखाद्या कंपनीत दोन आठवडे ट्रायलवरही काम करता येतं. नोकरी मिळाली की तिथल्याच परदेशी नागरिक कार्यालयात परवाना बदलून घ्यायचा. मी तसाच ब्लू कार्डवर (पदवीधरांसाठीच्या नोकरीच्या परवान्यावर) आलो, घरी परतावं लागलं नाही.

चान्सनकार्टला सहा गुण लागतात. तुमचं गणित करून पाहिलं: पस्तिशीच्या आत म्हणून २, गेल्या सात वर्षांत शिक्षणाशी जुळणारा पाच वर्षांचा अनुभव म्हणून ३, इंजिनिअर टंचाईच्या यादीत म्हणून १. झाले सहा. त्याआधीच्या अटी वेगळ्या: पदवी भारतात सरकारमान्य हवी (ती जर्मनीतही पूर्ण मान्य असेल तर गुणांची गरजच नाही; त्यासाठी अनाबिन नावाच्या त्यांच्या यादीत विद्यापीठ 'एच प्लस', म्हणजे मान्यताप्राप्त, आहे का आणि पदवीचाही उल्लेख आहे का, दोन्ही बघा, नसेल तर पदवी जर्मन पदवीशी ताडून दिलेलं तुलनापत्र काढावं लागतं), आणि जर्मन ए१ किंवा इंग्रजी बी२ (या भाषेच्या पातळ्या, ए१ सगळ्यात खालची, मग ए२, बी१, बी२). कागदावर इंग्रजीवर भागतं. प्रत्यक्षात मेंटेनन्सच्या कामात शॉप फ्लोअरवरचा फोरमन तुमच्याशी इंग्रजी बोलणार नाही. मी ए२ वर आलो आणि पहिले चार महिने गोदामात खोकी उचलत काढले. बी१ झाल्यावर मुलाखती यायला लागल्या. निघण्याआधी नागपुरातच बी१ करा, इथे महागात पडतं.

पैशाचं स्पष्ट सांगतो. २०२५ पासून महिन्याला १,०९१ युरो, म्हणजे वर्षाचे १३,०९२ युरो ब्लॉक्ड अकाउंटमध्ये दाखवावे लागतात. युरो शंभर रुपयांचा धरला तरी १३ लाखांच्या वर. पैसे तुमचेच असतात, पण दर महिन्याला ठरलेलीच रक्कम हातात येते. विमा, विमानाचं तिकीट आणि खोलीचं डिपॉझिट वेगळं. बाबांनी त्यासाठी एफडी मोडली तर घरात जेवताना जो विषय निघतो, तो तुम्हाला माहीत असेलच.

म्हणून एक उलटा सल्ला. आधी तीन-चार महिने बुटीबोरीची नोकरी न सोडता घरूनच अर्ज करा, व्हिडिओवर मुलाखती द्या. नोकरीचं पत्र हातात आलं तर चान्सनकार्टची गरजच नाही, थेट ब्लू कार्ड किंवा कुशल कामगाराचा व्हिसा. ते १३ लाखही अडकत नाहीत. हे जमलं नाही तर मग चान्सनकार्ट.

दुबईला मावसभाऊ आहे म्हणता. तिथे काम शोधायला स्पॉन्सरशिवाय ६०, ९० किंवा १२० दिवसांचा व्हिजिट व्हिसा मिळतो, पण अटी नीट वाचा, आणि वर्क परमिट होईपर्यंत 'दोन दिवस येऊन बस' म्हणणाऱ्याकडे बसू नका.

आता कागद. माझं घोडं इथेच अडलं. मार्कशीटवर आडनाव आधी, मग माझं नाव, मग वडिलांचं. पासपोर्टवर माझं आणि वडिलांचं नाव एका रकान्यात, आडनाव दुसऱ्यात. अनुभव पत्रावर वडिलांचं नावच नाही. आपल्याला तिन्हीकडे एकच माणूस दिसतो, जर्मन कारकुनाला तीन दिसतात. एकच व्यक्ती असल्याचं प्रतिज्ञापत्र आधीच करून घ्या आणि कंपनीकडून पासपोर्टप्रमाणे नाव घातलेलं पत्र मागा. त्यात नुसतं 'इंजिनिअर' नको, कोणती मशीन, कोणतं काम, कोणत्या तारखेपासून, तेही हवं. आणि मूळ पदवी प्रमाणपत्र काढलंय ना? मी सहा वर्षं ते घ्यायला गेलोच नव्हतो, प्रोव्हिजनलवर निभावत होतो. विदर्भ एक्सप्रेसने मुंबईला मुलाखतीला गेलो, तेव्हा आदल्या आठवड्यात हाती आलेलं ते प्रमाणपत्र रात्रभर उशाखाली होतं.

निघायचं असेल तर जानेवारी-फेब्रुवारी धरा. डिसेंबरात नाताळच्या सुट्ट्यांमुळे ईमेलला उत्तरंही येत नाहीत, आणि तुमच्या बारा महिन्यांतला पहिलाच तसा जातो.