वीकनेसच्या रकान्यात काय लिहू?

प्रश्न: ताई, मी आठ वर्षं सॉफ्टवेअर टेस्टिंगमध्ये आहे, गेल्या वर्षी मला टीम लीड केलं, नऊ जण माझ्या हाताखाली आहेत. आता अप्रेजलच्या आधी सेल्फ असेसमेंटचा फॉर्म आलाय, लीडर म्हणून तुमच्या तीन स्ट्रेंथ आणि तीन वीकनेस लिहा. स्ट्रेंथ पाच मिनिटात लिहून झाल्या, मेहनती, डेडलाइन पाळणारा, सगळ्यांना मदत करणारा. वीकनेसपाशी मात्र दोन दिवस अडकलोय. बायको म्हणते 'परफेक्शनिस्ट आहे' असं लिहून टाक, सगळे तेच लिहितात. पण मला खरंच जाणून घ्यायचंय हो. टीमला विचारलं तर म्हणतात सर तुम्ही बेस्ट आहात. आणि गेल्या सहा महिन्यात दोन जण सोडून गेले, कारण काय तर 'चांगली संधी मिळाली'. (नाव छापू नका)

उत्तर: 'परफेक्शनिस्ट' तेवढं लिहू नका, वाचणाऱ्याने तो शब्द इतक्या वेळा वाचलेला असतो की डोळे आपोआप पुढच्या ओळीवर जातात.

तुम्ही वीकनेसपाशी अडकलात म्हणताय पण मला तर तुमची स्ट्रेंथची यादीच जास्त खटकली. मेहनती, डेडलाइन पाळणारा हे चांगल्या टेस्टरचे गुण झाले, त्याच्याच जोरावर तुम्हाला लीड केलं. लीड म्हणून तुम्ही कसे आहात हे आता तुमच्या कामात दिसणारच नाही, ते त्या नऊ जणांच्या कामात दिसणार. त्यामुळे "मी कसा आहे" असं आरशापुढे उभं राहून विचारण्यात फारसा अर्थ नाही. शिवाय आरसा खोटं बोलतो. अमेरिकेत १९७६-७७ साली कॉलेज प्रवेशपरीक्षेला बसलेल्या लाखो मुलांना विचारलं होतं की बाकीच्यांच्या तुलनेत तुमच्यात नेतृत्वगुण किती, तर ७० टक्के मुलांनी स्वतःला सरासरीच्या वर ठेवलं आणि सरासरीच्या खाली ठेवणारे निघाले फक्त २ टक्के! आता सगळेच वर कसे असतील. आपल्याकडे यालाच कुसळ-मुसळ म्हणतात.

बरं मग टीमला विचारायचं, तर तेही तुम्ही करून बसलात. अहो ज्याचं रेटिंग तुमच्या हातात आहे तो तुमच्या तोंडावर "सर तुम्ही बेस्ट" शिवाय दुसरं काय म्हणणार? जोसेफ लुफ्ट आणि हॅरिंग्टन इंगहॅम या दोघा मानसशास्त्रज्ञांनी १९५५ मध्ये चार खणांची एक खिडकी मांडली, जोहारी विंडो म्हणतात तिला (दोघांच्या नावांचे तुकडे जोडून केलेलं नाव आहे, मला कित्येक वर्षं तो कुणी जोहारी नावाचा गृहस्थ वाटायचा). त्यातला एक खण असा की जो इतरांना दिसतो पण आपल्याला स्वतःला दिसत नाही. तुमचा फॉर्म त्या खणाबद्दल विचारतोय, म्हणून तर दोन दिवस पेन हलत नाहीये.

प्रश्न बदलून बघा. "मी कसा आहे" ऐवजी एक घटना पकडा. "मागच्या रिलीजच्या वेळी मी कोणती एक गोष्ट वेगळी केली असती तर तुझं काम सोपं झालं असतं?" असं एकेकट्याला विचारा आणि मग गप्प बसा. गप्प म्हणजे अगदी गप्प, खुलासा नाही काही नाही, फक्त लिहून घ्या आणि थँक्यू म्हणा. हे मी इतकं ठासून सांगतेय कारण माझीच फजिती झालेली आहे. मी एका ऑफिसात टीम सांभाळायचे तेव्हा एका ज्युनिअर मुलाला असंच विचारलं, तो बिचारा धीर करून म्हणाला मॅडम मीटिंगमध्ये तुम्ही आधीच तुमचं मत सांगून टाकता मग आम्ही काय बोलणार, आणि मी त्याला दहा मिनिटं समजावत बसले की मी तसं का करते. त्यानंतर तो तिथे होता तोवर मला एकही खरी गोष्ट सांगितली नाही त्याने, आणि दोष त्याचा नव्हता.

आणि काही गोष्टी तर कुणाला न विचारताही कळतात, तुमच्या फोनमध्ये आणि मेलमध्येच पडलेल्या असतात. तुम्ही मागे रजेवर होतात त्या आठवड्यात किती फोन आले? जास्त आले तर खूश होऊ नका, त्याचा अर्थ तुमच्याशिवाय निर्णय होत नाहीत असा आहे. मागचा मोठा घोळ तुम्हाला कधी कळला, झाल्या दिवशी की क्लायंटची एस्कलेशन मेल, म्हणजे थेट वरिष्ठांपर्यंत गेलेली तक्रार, आल्यावर? वाईट बातमी तुमच्यापर्यंत उशिरा येत असेल तर ती आणणाऱ्याचं आधी काहीतरी झालेलं असतं, तुम्ही ओरडत नसालही, नुसता चेहरा पडतो तेवढंही पुरतं. आणि तीन महिन्यात कुणाला दिलेलं काम किती वेळा "राहू दे मी करतो" म्हणून परत घेतलंत तेही मोजा.

इथेच तुमचं तिसरं 'सगळ्यांना मदत करणारा' जरा उलटं करून बघावंसं वाटतं. मी तुमच्या टीममध्ये नाही, चुकत असेन तर सोडून द्या. पण चांगल्या टेस्टरची मदत बहुतेक वेळा अशी असते की समोरचा अडला की लॅपटॉप आपल्याकडे ओढायचा आणि वीस मिनिटात करून द्यायचं. त्याचं काम होतं पण तो तिथेच राहतो, आणि वर्षभराने त्याला वाटायला लागतं की इथे आपण काही शिकत नाही, मग 'चांगली संधी' मिळते. म्हणजे वीकनेस शोधायला लांब जायला नको, स्ट्रेंथच प्रमाणाबाहेर गेली की ती वीकनेस होते, अति तिथे माती. तिन्ही स्ट्रेंथसमोर लिहा की याचा अतिरेक झाला की त्रास कुणाला होतो.

गेलेल्या त्या दोघांपैकी ज्याच्याशी बरं जमायचं त्याला आता फोन करा. नोटीस पिरियडमध्ये कुणी खरं बोलत नसतं, रिलीव्हिंग लेटर घ्यायचं असतं ना, पण आता त्याला तुमच्याकडून काहीच नकोय.

आता फॉर्म. हा फॉर्म तुमचं इन्क्रिमेंट ठरवणाऱ्यांकडे जातो हे विसरून सगळं मन मोकळं करायची गरज नाही. माझं मत विचाराल तर एकच खरी वीकनेस लिहा, एका घटनेसकट आणि पुढे काय करणार त्यासकट. उदाहरणार्थ, "अडलेलं काम मी स्वतःच पूर्ण करतो, मागच्या रिलीजला असं चार वेळा झालं, यापुढे मी शेजारी बसेन पण कीबोर्ड त्याच्याकडे राहील." उरलेल्या दोन जागी साध्या गोष्टी चालतील. पूर्ण यादी घरच्या वहीत ठेवा, आणि त्याच वहीत व्यवस्थापनतज्ज्ञ पीटर ड्रकर यांनी सांगितलेली एक सवय लावून घ्या, मोठा निर्णय घेताना काय होईल असं वाटतंय ते लिहून ठेवायचं आणि नऊ-बारा महिन्यांनी उघडून बघायचं. माणसांबद्दलचे आपले अंदाज किती चुकतात हे मला तरी अशा वहीतूनच कळलं.

प्रश्न: ताई माझं बरोबर उलटं आहे, वीकनेस पानभर लिहू शकते, स्ट्रेंथ एकही सुचत नाही. मी फार बोलत नाही. बॉस म्हणतात तुझ्यात लीडरशिप दिसत नाही, आवाज वाढव. टीम मात्र चांगलं काम करतेय.

उत्तर: तुमचं शेवटचं वाक्य तुम्ही 'मात्र' लावून कडेला सारलंत, मी असते तर पत्राची सुरुवातच तिथून केली असती. डनिंग आणि क्रूगर या मानसशास्त्रज्ञांचा १९९९ चा तो प्रसिद्ध अभ्यास आहे ना, त्यात कच्चे लोक स्वतःला फार हुशार समजतात एवढाच भाग सगळीकडे फिरतो, पण त्यातच हेही दिसलं होतं की जे खरंच वरच्या गटात होते त्यांनी स्वतःला थोडं कमीच धरलं, कारण आपल्याला सोपं जातं ते सगळ्यांनाच सोपं जात असेल असं त्यांना वाटत होतं. तर तुम्हाला काय सोपं जातं? टीममधली भांडणं तुमच्याकडेच येतात का, दुसऱ्या टीमचे लोक अडल्यावर तुमच्या डेस्कपाशी का येतात? कुणी न पाठवता लोक जे घेऊन येतात ती तुमची स्ट्रेंथ, तीच लिहा.

न बोलण्याबद्दलही एक अभ्यास आहे, २०११ मधला, मानसशास्त्रज्ञ अॅडम ग्रँट आणि त्यांच्या सहकाऱ्यांचा. टीम स्वतःहून पुढाकार घेणारी असेल तर शांत लीडरकडे काम जास्त चांगलं होतं, आणि टीम सांगेल तेवढंच करणारी असेल तर बोलक्या लीडरकडे. म्हणजे आवाज वाढवायचा की नाही हे तुमची टीम कशी आहे त्यावर आहे. फक्त एक तपासा, तुम्ही ऐकण्यासाठी शांत असता की कटू बोलणं टाळण्यासाठी. कुणाचं काम खराब झालं तर त्याला तसं स्पष्ट सांगितलेलं शेवटचं कधी आठवतंय? पटकन आठवत नसेल तर त्या पानभर यादीतली तेवढी एक ठेवा आणि बाकीची फाडून टाका.

प्रश्न: ऑनलाइन पर्सनॅलिटी टेस्ट देऊन लीडर म्हणून आपण कसे आहोत ते कळतं का?

उत्तर: करमणूक म्हणून जरूर द्या. चार अक्षरी टाइप (INTJ वगैरे) सांगणाऱ्या टेस्ट काही आठवड्यांनी परत दिल्या की बऱ्याच जणांचा टाइपच बदलतो, आणि तुम्हाला काय आवडतं एवढंच त्या सांगतात, जमतं की नाही ते नाही. शिवाय उत्तरं देणारे तुम्हीच, म्हणजे परत तोच आरसा.