गडगडाटी वादळात अडकल्यास गाडीतच बसून राहणं सुरक्षित आहे का?

हो, गाडी चारी बाजूंनी बंदिस्त आणि धातूच्या छताची असेल तर विजेपासून ती चांगला आसरा देते. काचा पूर्ण वर घ्या, आतल्या धातूच्या भागांना हात लावू नका. टायरच्या रबरामुळे आपण वाचतो, हा गैरसमज. काही किलोमीटर हवा भेदून आलेल्या विजेला ते रबर काय अडवणार! वाचवतो तो पत्रा: वीज त्याच्या बाहेरून वाहत जमिनीत उतरते, म्हणजे फॅरेडे पिंजऱ्याचं तत्त्व. म्हणूनच दुचाकी किंवा कापडी छताची जीप इथे कामाची नाही. सोसाट्याच्या वाऱ्यापुढे मात्र हा पिंजरा कमी पडतो, त्यामुळे झाड, होर्डिंग, विजेचे खांब यांपासून लांब थांबा. तुटलेली तार गाडीवर पडलीच तर उतरू नका, आतूनच मदत बोलवा. एरवी शेवटच्या गडगडाटानंतर ३० मिनिटांनी बाहेर पडा.