मेल्यावर नेमकं होतं काय? वाचक विचारतात

या वेळी आलेले निम्म्याहून जास्त प्रश्न मरणानंतरचेच निघाले, त्यामुळे बाकीचे पुढच्या अंकात घेते. उत्तरं कॅथलिक शिकवणीप्रमाणे आहेत, जिथे माझं स्वतःचं मत आहे तिथे तसं सांगेन.

प्रश्न : ताई, अंत्यविधीत म्हणतात आत्मा देवाघरी गेला. आणि मिस्सामध्ये, म्हणजे चर्चमधल्या उपासनेत, आपणच म्हणतो की प्रभू जिवंतांचा आणि मेलेल्यांचा न्याय करायला परत येणार. मग एकदा न्याय झाल्यावर परत कशाला? आणि तोपर्यंत माणूस असतो कुठे?

हे कन्फ्युजन तुमचं एकट्याचं नाही, एका पोपचंही झालं होतं. पोप जॉन बाविसावे यांनी 1331 पासून फ्रान्समधल्या आव्हीन्योंमध्ये (तेव्हा पोप तिथे राहत) प्रवचनांतून सांगायला सुरुवात केली की संतांनासुद्धा शेवटच्या न्यायापर्यंत देवाचं प्रत्यक्ष दर्शन होत नाही, थांबावं लागतं. केवढा गदारोळ झाला! पॅरिसच्या धर्मपंडितांनी विरोध केला, आणि पोपनी 1334 मध्ये अगदी मरणाच्या दारात ते मत मागे घेतलं. पुढचे पोप बेनेडिक्ट बारावे यांनी 1336 मध्ये विषय कायमचा मिटवला : शुद्ध झालेल्या आत्म्याला लगेच देवाचं दर्शन होतं, शेवटच्या दिवसाची वाट बघावी लागत नाही.

म्हणजे मेल्याक्षणी प्रत्येकाचा आपापला न्याय होतो आणि तो फायनल. शेवटचा न्याय म्हणजे त्यावरचं अपील नव्हे, तिथे निकाल बदलत नाही. पण माणसाने केलेलं बरंवाईट त्याच्याबरोबर मरत नाही ना. एखाद्याने पोराला मारून मारून वाढवलं, त्या पोराने पुढे आपल्या पोरांना तसंच वाढवलं, किंवा उलट कुणीतरी एका अनाथ मुलीला शिकवलं आणि तिने पुढे शंभर जणींना शिकवलं, हे सगळं तो माणूस गेल्यावरही चालूच असतं, त्याचा पूर्ण हिशोब जग संपल्याशिवाय दिसणार कसा? तो त्या दिवशी सगळ्यांसमोर उघडा होतो. आणि दुसरी गोष्ट, तोपर्यंत आत्मे देहाशिवाय असतात आणि त्या दिवशी देहासकट उठतात. ही दुसरी गोष्ट आपले लोक विसरूनच जातात, तिच्याकडे शेवटी येते.

प्रश्न : आईच्या जुन्या प्रार्थनापुस्तकात एका छोट्या प्रार्थनेखाली '300 दिवस' असं छापलंय. म्हणजे ती म्हटली की शुद्धीस्थानातले, स्वर्गात जाण्याआधी आत्मा शुद्ध होतो तिथले, 300 दिवस कमी होतात का? आणि पैसे देऊन मिस्सा सांगितली तर लवकर सुटका होते? मग श्रीमंतांची मजाच आहे!

नाही हो. ते दिवस शुद्धीस्थानातले नव्हतेच. सुरुवातीच्या ख्रिस्तसभेत मोठ्या पापाला जाहीर प्रायश्चित्त असायचं, इतके दिवस उपास, इतके दिवस देवळाच्या दाराशी उभं राहणं वगैरे. तेवढ्या दिवसांच्या प्रायश्चित्ताइतकी सूट, असा त्या आकड्याचा अर्थ. लोकांनी तो जेलमधल्या शिक्षेसारखा वाचला, त्यामुळे पोप पॉल सहावे यांनी 1967 मध्ये दिवस मोजणं बंदच करून टाकलं. आता पूर्ण सूट आणि अंशतः सूट असे दोनच प्रकार उरलेत.

शुद्धीस्थानाबद्दल दोन गोष्टी डोक्यात पक्क्या करा. एक, तिथे असलेला प्रत्येक जण स्वर्गात जाणार हे ठरलेलं आहे. ते छोटं नरक नाही आणि दुसरा चान्सही नाही. माणूस देवाशी मैत्रीत मेला, पण आतले अहंकार, चिकटलेल्या सवयी, अर्धवट सोडलेले राग अजून साफ व्हायचेत, ती सफाई म्हणजे शुद्धीस्थान. दोन, ती जागा नाही, अवस्था आहे, पोप जॉन पॉल दुसरे यांनी 1999 च्या ऑगस्टमध्ये हे स्पष्ट सांगितलंय. पोप बेनेडिक्ट सोळावे यांनी 2007 च्या आपल्या परिपत्रकात काही धर्मपंडितांचा विचार मांडला तो मला फार पटतो : शुद्धीस्थानातली म्हणून जी आग सांगतात ती म्हणजे स्वतः ख्रिस्तच, त्याच्या नजरेसमोर उभं राहिल्यावर आपल्यातलं खोटं जळतं आणि त्या जळण्यानेच आपण बरे होतो, ते किती वेळ चालतं हे आपल्या घड्याळाने मोजता येत नाही.

आता पैसे. मिस्साला देतो ती देणगी, किंमत नव्हे. ख्रिस्तसभेचा कायदा सांगतो की यात धंद्याचा नुसता भासही नको, आणि गरिबाने काहीच दिलं नाही तरी धर्मगुरूने त्याच्यासाठी मिस्सा करावी. अर्थात हा रोग एकेकाळी झाला होताच, लपवण्यात काय अर्थ. सोळाव्या शतकात ही प्रायश्चित्तातली सूट अक्षरशः विकली गेली, त्यावरूनच 1517 मध्ये जर्मन धर्मगुरू मार्टिन ल्यूथर विरोधात उभे राहिले. ट्रेंटला भरलेल्या बिशपांच्या परिषदेने 1563 मध्ये शुद्धीस्थानाची शिकवण कायम ठेवली पण त्याच ठरावात बिशपांना बजावलं की यातला पैशाचा लोभ आणि अंधश्रद्धा बंद करा, साध्या लोकांपुढे अवघड प्रश्नांचा कीस पाडू नका. आपण मात्र तोच कीस पाडत बसतो.

मृतांसाठी प्रार्थना ही प्रथा मात्र त्याहून फार फार जुनी. बायबलमधल्या मक्काबीच्या दुसऱ्या पुस्तकात यहूदा मक्काबी या ज्यू सेनापतीचे काही सैनिक लढाईत पडतात आणि त्यांच्या कपड्याखाली मूर्तींचे ताईत सापडतात. तर तो त्यांना शिव्या घालत नाही, वर्गणी काढून त्यांच्या पापासाठी जेरुसलेमला अर्पण पाठवतो. (प्रॉटेस्टंट बायबलमध्ये हे पुस्तक नाही, निम्मं भांडण तिथेच आहे.)

प्रश्न : जवळच्या माणसाने आत्महत्या केली. घरातले काही जण म्हणतात तो नरकात गेला. खरं आहे का? रात्र रात्र झोप लागत नाही.

असं म्हणायचा अधिकार त्यांना नाही. खुद्द ख्रिस्तसभेलाही नाही. ती लोकांना संत जाहीर करते, म्हणजे अमुक व्यक्ती स्वर्गात आहे असं नाव घेऊन सांगते, पण अमुक माणूस नरकात आहे असं तिने आजवर कुणाच्याही बाबतीत जाहीर केलेलं नाही.

त्या नातेवाइकांच्या डोक्यात जुना नियम असणार. ख्रिस्तसभेच्या 1917 च्या कायद्यात जाणूनबुजून आत्महत्या करणाऱ्याला ख्रिस्ती अंत्यविधी नाकारलेला होता. 1983 च्या नव्या कायद्यातून ते काढून टाकलंय. आत्महत्या गंभीर गोष्ट आहे हे आजही शिकवलं जातं, पण त्याच शिकवणीत पुढे लिहिलंय की मानसिक आजार, तीव्र भीती, यातना यांनी माणसाची जबाबदारी कमी होते, आणि फक्त देवालाच ठाऊक असलेल्या वाटांनी तो अशा माणसाला पश्चात्तापाची संधी देऊ शकतो, त्यामुळे अशांच्या तारणाची आशा सोडू नये. नरक म्हणजे पूर्ण समजून उमजून देवाला कायमचं नाकारणं. वेदनेने बधिर झालेला माणूस तसं करत असतो असं मला तरी वाटत नाही. त्याच्यासाठी मिस्सा सांगा, बिनधास्त नाव घेऊन. आणि तुमची झोप उडाली आहे तर एकट्याने सोसू नका, फादरांशी बोला आणि डॉक्टरांशीही बोला.

प्रश्न : पुनर्जन्म मानला तर चालतो का?

नाही. इब्री लोकांस पत्र 9:27, माणसाने एकदाच मरायचं आणि मग न्याय. कॅथलिक शिकवणीत याला पळवाट नाही.

प्रश्न : दहन केलेलं चालतं ना? राख घरात ठेवू का?

दहन चालतं, 1963 पासून. आधी 1886 मध्ये बंदी आली होती कारण तेव्हा काही लोक पुनरुत्थान खोटं आहे हे दाखवायलाच मुद्दाम दहन करायचे. देवाला राखेतून उठवणं जड जातं म्हणून नव्हे! दफनालाच पसंती अजूनही आहे. राख मात्र घरात ठेवायची नाही, वाऱ्यावर किंवा पाण्यात सोडायची नाही, दफनभूमीत किंवा पवित्र जागी ठेवायची, असं 2016 मध्ये रोमने सांगितलं. 2023 च्या डिसेंबरमध्ये थोडी ढील दिली : मृताच्या आयुष्यात महत्त्वाच्या असलेल्या ठिकाणी राखेचा छोटासा अंश ठेवायला परवानगी मिळू शकते. पण ते घरच्या घरी ठरवू नका, आधी फादरांना विचारा.

प्रश्न : स्वर्गात करायचं काय अनंतकाळ? बोअर नाही होणार? नवरा भेटेल का, आणि माझा कुत्रा?

हा प्रश्न मला सगळ्यात आवडला. ढगावर बसून गाणी म्हणायची हे चित्र कॅथलिक श्रद्धेचं शेवटचं पान नाहीच मुळी. बायबलमधल्या प्रकटीकरणाच्या 21 व्या अध्यायात माणसं वर जात नाहीत, देवाचं नगर खाली येतं, नवं आकाश आणि नवी पृथ्वी. आत्मा देवाकडे जाणं हा मधला टप्पा आहे, शेवट आहे देहाचं पुनरुत्थान आणि बदललेली सृष्टी. देह कसा असेल? उठलेल्या येशूकडे बघा, शिष्यांसमोर मासा खाल्ला, जखमा दाखवल्या, आणि बंद दारातून आतही आला. म्हणजे तोच देह, पण मरण नसलेला. म्हणून दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने 1965 मध्ये म्हटलं की नव्या पृथ्वीची वाट बघताना या पृथ्वीची काळजी कमी व्हायला नको, उलट वाढायला हवी, कारण इथे कमावलेलं प्रेम, न्याय, बंधुभाव तिथे शुद्ध होऊन परत सापडणार आहे. बोअर होण्याचं म्हणाल तर देव संपत नाही, त्यामुळे त्याला ओळखणंही संपत नाही.

नवरा भेटेल ही आशा आहेच. लग्न मात्र तिथे नसेल हे येशूने स्वतःच सांगितलंय, मत्तय 22 मध्ये. ते प्रेम कमी झाल्यामुळे नव्हे. कुत्र्याबद्दल अधिकृत शिकवण नाही, पण रोमकरांना लिहिलेल्या पत्रात आठव्या अध्यायात प्रेषित पौल म्हणतो की सगळी सृष्टी कण्हत सुटकेची वाट बघतेय, नुसती माणसं नाहीत. मी त्यात तुमच्या कुत्र्याला धरलंय.