नाना पाटेकर मूळचे कोकणातले का, आणि त्यांना अभिनयाचे राष्ट्रीय पुरस्कार किती मिळाले?

होय, नाना पाटेकर यांचा जन्म १९५१ साली आपल्या मुरुड-जंजिऱ्याला झाला असून अभिनयासाठी त्यांना ३ राष्ट्रीय पुरस्कार मिळाले आहेत. पुरस्कारांच्या शासकीय नोंदींनुसार ‘परिंदा’ आणि ‘अग्निसाक्षी’साठी त्यांना सहायक अभिनेत्याचा, तर ‘क्रांतिवीर’साठी सर्वोत्कृष्ट अभिनेत्याचा सन्मान मिळाला, त्यामुळे तिन्ही पुरस्कार प्रमुख भूमिकांचे होते, हा समज मात्र बरोबर नाही. माझ्या मते ‘परिंदा’तील अण्णा ही त्यांची सर्वांत मोलाची भूमिका आहे, कारण आगीला घाबरणाऱ्या त्या निर्दयी माणसाची भीती त्यांनी केवळ नजरेतून पोहोचवली आहे, आणि ही ताकद मराठी रंगभूमीवर, विशेषतः जयवंत दळवींच्या ‘पुरुष’ नाटकात, आधीच दिसली होती.