सिस्टरना विचारा : त्या डब्यांची परतफेड कशी करू?

प्रश्न : सिस्टर, नमस्कार. आम्ही गगनबावड्याकडचे. गेल्या पावसाळ्यात मालक बांधावरून घसरले, मांडीचं हाड मोडलं. कोल्हापूरच्या सीपीआर या सरकारी दवाखान्यात ऑपरेशन झालं, बरेच दिवस राहावं लागलं. पेशंटला जेवण दवाखान्याचं. आम्हा सासू-सुनेचं काय? होते ते पैसे औषधात आणि रिक्षात गेले. एका मशिदीची पोरं रोज संध्याकाळी डबे वाटायला यायची. सासूबाई माळकरी, पहिल्या दिवशी हात आखडून बसल्या. पोरगं म्हणालं, "आजी, डाळ-भात हाय, वशट काय नाही. आमची आई करती." मग दोघी जेवलो. जात-पात कुणी विचारली नाही.

आता मालक काठी टेकत चालतात, भातही घरात आलंय. त्या लोकांना काहीतरी द्यावंसं फार वाटतं. सासूबाईंची ना नाही. भावकीत मात्र कुजबुज, की द्यायचं तर अंबाबाईला द्या, मशिदीला कशाला? आणि ते आमच्याकडून घेतील का? त्यांचं सगळं जकातीवर चालतं म्हणे.
– एक वाचक, ता. गगनबावडा

उत्तर : घेतील की! जकात ही मुसलमानानं स्वतःच्या वर्षभर शिल्लक राहिलेल्या ऐवजातून काढायची, शेकडा अडीच, आणि ती कुणाला द्यायची याचेही नियम ठरलेले. तुमची मदत त्यात मोडत नाही, साधी देणगी म्हणून जमा होईल. फक्त देताना 'जेवणाच्या कामाला' एवढं सांगा.

मी सीपीआरच्या वॉर्डात नोकरी केली, व्हरांड्यातल्या रात्री बघितल्यात. राधानगरी, चंदगड, पार सिंधुदुर्गातून पेशंट येतो. सोबतचा माणूस त्याच्या ताटातलं उरलं तर खातो, नाहीतर चहा-बिस्किटावर काढतो. बायका तर हमखास 'मला भूकच नाही' म्हणणार. सलाईन लावताना शेजारी उभ्या बाईच्या पोटातली गुरगुर आम्हाला ऐकू यायची, पण बोलायची सोय नव्हती. २०२० मध्ये दहा रुपयांची शिवभोजन थाळी आली, ती दुपारची. रात्रीचं काय? म्हणून त्या पोरांचं मला कौतुक. रोज, ठरल्या वेळी यायचं हे सोपं नाही. वाढदिवसाला एकदा फळं वाटून फोटो काढणारे मी ढीगभर बघितले.

भावकीला इचलकरंजीचं सांगा. २०२० च्या रमझानमध्ये, कोरोनाच्या धास्तीत, तिथल्या मुस्लिम समाजानं ३६ लाख रुपये जमवून आयजीएम रुग्णालयात दहा खाटांचा अतिदक्षता विभाग उभा करून दिला. सरकारी दवाखाना तो, खाट ज्याला लागेल त्याची. कुजबुजणाऱ्यांपैकी कुणाला उद्या लागली तर तो काय नको म्हणणार आहे? अंबाबाईची ओटीही भरा की. एकीकडं दिलं म्हणून दुसरीकडं कमी पडत नाही. आणि आपल्याकडं मोहरमचे पंजे हिंदूंच्या घरीही बसतात, हे भावकीला मी सांगायला नको.

आता द्यायचं काय? मिठाईचे पुडे नेऊ नका. तांदूळ न्या, पण यंदाचा नवा नको; तो चिकट होतो आणि पातेल्यात फुगत नाही. कणगीत मागच्या सालचा असेल तर तो भरडून आणा. वासाचा, भारीतला नको, जाडा चालतो. तांदूळ नसेल तर तूरडाळ किंवा तेलाचा डबा. रमझानात देणारे पुष्कळ असतात. पाऊस लागला की मात्र हात आखडतात, आणि दवाखान्यात गर्दी तेव्हाच. म्हणून जमलं तर आषाढ-श्रावणात द्या. आधी त्या पोरांना गाठून विचारा, कशाची तूट आहे. गॅसची म्हणाले तर गॅसला पैसे द्या, तांदळाचा हट्ट नको. रोख दिलं तर पावती मागा. त्यात कमीपणा नाही, चांगली माणसं आपणहून फाडून देतात.

सासूबाईंना सोबत न्या. 'आमची आई करती' म्हणणाऱ्या त्या पोराच्या आईला त्यांनी भेटावं, नाचणीचे चार पापड हातात द्यावेत. दोघी तुमच्या-माझ्यापेक्षा जास्त बोलतील.

वेगळी खेप करू नका. मालकांना तपासणीला यायचंच असेल, त्याच एसटीत पोतं टाका. कंडक्टर सामानाचं तिकीट मागेल, तेवढे सुटे जवळ ठेवा.