फॉइल घेताय? आधी फटीचा विचार करा

अकोल्याच्या उन्हात पत्र्याची खोली बांधताय म्हणून कळकळीने सांगतो. छताची उष्णता अडवायला पत्र्याखाली लावतात ते चकचकीत ॲल्युमिनियम फॉइल, त्याच्या समोर मोकळ्या हवेची फट असेल तरच कामाचं. ॲल्युमिनियम उष्णता झपाट्याने वाहून नेतं. ते दोन थरांत दाबलं की चकाकी वाया गेली. मी पहिल्यांदा पत्रा आणि प्लायच्या मध्ये दाबूनच बसवलं होतं. मेच्या दुपारी प्लायला हात लावला तर तव्यासारखी धग! मग सगळं उतरवून लाकडी पट्ट्यांवर फॉइल ताणलं, चकचकीत बाजू खाली, आणि तिच्याखाली इंचभर फट ठेवून प्लाय मारला. बाजू वर केली तर धूळ बसते आणि परिणाम घटतो.

फट जमत नसेल तर फॉइलचा नाद सोडा, जाड थर्माकोल किंवा ग्लासवूल (काचेच्या तंतूंची गादी) घ्या. थर्माकोल मात्र उघडा ठेवू नका, विशेषतः स्वयंपाकघरात. तो पेट घेतो. स्लॅबवर ओल्या सिमेंटमध्ये फॉइल गाडायला कोणी सांगितलं तर ऐकू नका, सिमेंटचा क्षार ॲल्युमिनियम खातो.

आणि हे सगळं घेण्याआधी पत्र्याला वरून पांढरा रंग मारा. सर्वात स्वस्त उपाय तोच, फक्त दर उन्हाळ्याआधी पत्रा धुवावा लागतो.