बारा टोपल्यांचं पुढे काय झालं?

“सासूबाई काही म्हणता काही टाकू देत नाहीत. रात्रीचा भात, वास मारणारं वरण, तीन वर्षांपूर्वीचं खोकल्याचं औषध. टाकायला गेलं की बायबल उघडून वचन दाखवतात. आता मी वचनाविरुद्ध कशी बोलू?”

इंदूरच्या मराठी ख्रिस्ती घरांतून ही तक्रार थोड्याफार फरकाने पुन्हा पुन्हा येते. पुढे सांगितलेलं घर एकाच कुटुंबाचं नाही. तीन-चार घरांतला मजकूर एकत्र करून, ओळखीच्या खुणा पुसून ते मांडलं आहे. पलासियाच्या बाजूचा लहानसा फ्लॅट, अठ्ठ्याहत्तर वर्षांच्या सासूबाई, शाळेत शिकवणारी सून, मुलगा आणि दहावीतली नात.

सासूबाईंचं वचन ठरलेलं: योहान ६:१२. पाच हजार माणसं जेवून उठल्यावर प्रभू येशू शिष्यांना सांगतो, उरलेले तुकडे गोळा करा, काही फुकट जाऊ नये. मुलानेही तोडीस तोड शोधून ठेवलं होतं, निर्गम १६:२०. लोकांनी मान्ना, म्हणजे रानात देवाने रोज पुरवलेलं अन्न, सकाळपर्यंत ठेवला, त्यात किडे पडले आणि घाण सुटली. रोज रात्री फ्रीजचं दार उघडलं की हे दोन आकडे एकमेकांवर फेकले जायचे. सुनेला मधल्यामध्ये वाटू लागलं होतं, की भात टाकणं म्हणजे पाप.

वचनांकडे वळण्याआधी एक तपासणी करावीच लागते: ही काटकसर आहे की आजार? पलंगावर झोपता येतं का, शेगडी वापरता येते का, रात्री संडासापर्यंत अडखळल्याशिवाय जाता येतं का, हे आधी विचारायचं. खोल्या वापरात नसतील आणि रिकामा डबा टाकतानाही माणूस कासावीस होत असेल, तर तो साठवणीचा विकार असू शकतो, आणि त्यासाठी मानसोपचारतज्ज्ञाकडे जावं लागतं. दुसरा प्रश्न त्याहून महत्त्वाचा: सवय जुनी आहे की गेल्या वर्ष-दीड वर्षातली? आयुष्यभर नीटनेटकी राहिलेली बाई अचानक खराब अन्न लपवू लागली, अंघोळ टाळू लागली, एकच गोष्ट दिवसातून पाच वेळा विचारू लागली, तर आधी स्मरणशक्तीची तपासणी. तिथे बायबलची चर्चा काढून काही उपयोग नाही. या घरात तसं नव्हतं. खोल्या वापरात होत्या, पैशांचा हिशेब चोख होता, सवय पन्नास-साठ वर्षांची होती.

ती आली कुठून, हे घरात कुणी विचारलंच नव्हतं. सासूबाईंचं माहेर नगर जिल्ह्यातलं. १९६५ च्या युद्धाच्या वेळी त्या अठरा वर्षांच्या. लालबहादूर शास्त्रींनी आठवड्यातून एक वेळचं जेवण सोडायला सांगितलं, तेव्हा त्यांच्या घरी सोमवारी रात्री चूल पेटत नसे. लग्न होऊन त्या इंदूरला आल्या आणि १९७२ च्या दुष्काळात माहेरची माणसं खडी फोडायला गेली. रेशनवर लाल मिलो, म्हणजे परदेशी ज्वारी, मिळायचा, कामावर सुकडी हा कोरडा खाऊ. “भाकरीचा तुकडा जमिनीवर पडला तर उचलून कपाळाला लावायचो,” हे त्यांनी नातीच्या देखत सांगितलं तेव्हा मुलगासुद्धा गप्प बसला. त्यानेही ते पहिल्यांदाच ऐकलं होतं.

पण त्या भाकरीत आणि आजच्या भातात फरक आहे, आणि घोटाळा नेमका तिथे होतो. भाकरी कोरडी. रात्री उरलेली सकाळी कुस्करून ताकात किंवा फोडणीला घातली की संपली. भातात पाणी असतं. बॅसिलस सिरियस नावाच्या जिवाणूचे बीजाणू तांदूळ शिजताना मरत नाहीत. भात ओट्यावर कोमट राहिला की ते वाढतात आणि विष तयार करतात. ते विष पुन्हा उकळूनही जात नाही. म्हणून “गरम केला की चालतो” हे भाताच्या बाबतीत खोटं. शिवाय फ्रीज आल्यापासून जुन्या पिढीची एक समजूत झाली आहे, की आत ठेवलेलं थांबतं. ते थांबत नाही, फक्त सावकाश होतं. सासूबाईंचं मूळ ज्ञान बरोबर होतं, ते फक्त भाकरीबद्दलचं होतं.

त्यावरून घरात एवढंच ठरलं. भात उरला तर परातीत पसरून निववायचा आणि दोन तासांच्या आत फ्रीजमध्ये ठेवायचा. मे महिन्यात तासाभरात. दुसऱ्या दिवशी संपवायचा, आणि एकदाच, वाफ निघेपर्यंत गरम करायचा. ओट्यावर रात्र काढलेला भात कुणीही खायचा नाही, सासूबाईंनीही नाही. हे शेवटचं मुद्दाम सांगावं लागतं, कारण अशा घरांत “तुम्ही नका खाऊ, मी खाते” हा तोडगा निघतो आणि सगळ्यात म्हाताऱ्या, सगळ्यात नाजूक पोटाच्या माणसाला सगळ्यात शिळं अन्न मिळतं. पुऱ्या तळलेल्या तेलाचंही तसंच. आपल्या देशात अन्नसुरक्षेच्या नियमाने तळणाच्या तेलातल्या ध्रुवीय संयुगांची, म्हणजे तेल पुन्हा पुन्हा तापवून तयार होणाऱ्या खराब घटकांची, मर्यादा २५ टक्के आहे. ते मोजायचं यंत्र घरात नसतं, पण काळपट, चिकट, फेसाळणारं, लवकर धूर सोडणारं तेल ओळखू येतं. त्यात ताजं तेल मिसळून ते “सुधारत” नाही, ताजं मात्र बिघडतं.

आता वचनं. मुलाला वाटत होतं, पाळकसाहेबांनी एकदा आईला समजावलं की झालं. तसं होत नाही. पन्नास वर्षं रोज बायबल वाचणाऱ्या बाईला “तुम्ही चुकीचं वाचता” म्हणणं हा अपमान आहे. त्या चुकीचं वाचतही नव्हत्या, अर्धं वाचत होत्या. मुलगाही तेच करत होता, फक्त दुसरा अर्धा भाग घेऊन.

त्यालाच निर्गमचा सोळावा अध्याय पूर्ण वाचायला सांगितलं. विसाव्या वचनात मान्ना किडतो. पुढे दोनच वचनांवर सहावा दिवस येतो. त्या दिवशी दुप्पट गोळा करायची आज्ञा आहे, उरलेला सकाळपर्यंत ठेवायचा आहे, आणि तो किडत नाही. अध्यायाच्या शेवटी तर एक ओमरभर मान्ना पुढच्या पिढ्यांना दाखवायला जपून ठेवायला सांगितलं आहे. एकाच अध्यायात “ठेवू नका”, “ठेवा” आणि “पिढ्यान्‌पिढ्या ठेवा”. ज्या वचनाने आईला गप्प करायचं होतं, त्याच्या शेजारीच आईचं वचन होतं.

मग योहानाचा सहावा अध्याय सासूबाईंनी मोठ्याने वाचला. पाच जवाच्या भाकरी, दोन मासळ्या, बारा टोपल्या. नातीने विचारलं, “आजी, टोपल्यांचं पुढे काय झालं?” पुढे काय झालं ते लिहिलेलं नाही. तुकडे गोळा केले एवढंच आहे. किती दिवस ठेवले, कुणी खाल्ले, काही नाही. जेवण संपल्यासंपल्या गोळा केलेली ती ताजी भाकरी होती. या वचनातून “अन्नाचा अनादर करू नका” निघतं, “खराब झालेलं खा” निघत नाही.

त्याच शुभवर्तमानात बारावा अध्याय आहे. मरीया जटामांसीचं मोलाचं सुगंधी तेल प्रभूच्या पायांना लावते. तीनशे दीनारांचं तेल. दीनार म्हणजे मजुराची एका दिवसाची मजुरी, म्हणजे जवळजवळ वर्षभराची कमाई एका संध्याकाळी संपली. “हे विकून गरिबांना का दिलं नाही?” हा काटकसरीचा हिशेब तिथे यहूदा मांडतो, आणि प्रभू मरीयेची बाजू घेतो. तुकडे गोळा करायला सांगणारा आणि तेल ओतू देणारा एकच आहे. दोन्ही अध्याय एकापाठोपाठ वाचले की काटकसर हा स्वतंत्र देव उरत नाही.

वाचनात चूक का होते, याचं एक साधं कारण घरातच सापडतं: वचनपेटी. रोज सकाळी एक चिठ्ठी काढायची, वचन पाठ करायचं. सवय चांगली आहे, दिवसभर वचन तोंडात राहतं. पण चिठ्ठीवर अध्याय नसतो. वचनांचे आकडे मूळ लेखकांचे नाहीतच. अध्याय तेराव्या शतकात पाडले गेले आणि नव्या कराराच्या वचनांना आकडे १५५१ साली रोबेर एस्तिएन या मुद्रकाने दिले. संदर्भ शोधायला ते सोयीचे आहेत. त्यावर वाक्य कापून भांडायला नाहीत.

पेटी बंद करायला सांगितलं नाही. चिठ्ठी निघाली की नातीने बायबल उघडायचं आणि आधीची दहा, नंतरची दहा वचनं वाचायची. मग विचारायचं: हे कोण कुणाला म्हणतं आहे, कोणत्या प्रसंगी, आणि पुढे काय घडलं? शेवटी ज्याला हे वचन आवडलं, त्यानेच त्याला तोलून धरणारं दुसरं वचन शोधायचं. सासूबाईंनी टाकण्याच्या बाजूचं, मुलाने राखण्याच्या बाजूचं. मत्तय ४ मध्ये सैतानही स्तोत्र ९१ मधलं वचन म्हणून दाखवतो. प्रभू ते खोटं म्हणत नाही, “असंही लिहिलं आहे” म्हणून दुसरं पुढे ठेवतो. पंधरा मिनिटं पुरतात. पहिल्या आठवड्यात मुलाने यात गडबड केली: स्वतःविरुद्धचं वचन शोधायचं सोडून आईविरुद्धची आणखी तीन शोधून आणली. बहुतेक घरांत हे होतंच. नियम पुन्हा सांगायचा आणि पुढे जायचं.

सासूबाईंनी मात्र प्रामाणिकपणे शोधलं आणि लूक १२ आणलं, कोठारं मोडून मोठी बांधणाऱ्या धनवानाचं. मुलाने अखेर उत्पत्ती ४१ आणलं: सुकाळाच्या सात वर्षांत योसेफाने पाचवा हिस्सा साठवला. आणि सुनेने, जिला कुणी विचारलंच नव्हतं, रूथ २ आणलं. शेतात जेवताना भाजलेलं धान्य उरलं, ते रूथने राखून ठेवलं आणि त्याच संध्याकाळी सासूला दिलं. उरलेलं राखणारी सून बायबलमध्येच निघाली. सासूबाई तेव्हा हसल्या.

कपाटाचं काम यानंतरचं, आणि ते वाचनाइतकं गोड नाही. या घरात आधी एकदा प्रयत्न झाला होता: सासूबाई उपासनेला गेल्या असताना मुलाने दोन गोण्या कचरागाडीत दिल्या. परिणाम ठरलेला असतो. त्यांनी पलंगाखाली कुलूपबंद पेटी सुरू केली आणि रोज सकाळी गाडीचं गाणं वाजलं की आधी कचऱ्याचे डबे स्वतः तपासू लागल्या. पाठीमागे टाकलेली एक वस्तू म्हणजे पुढे लपवल्या जाणाऱ्या दहा वस्तू. म्हणून नियम असा, की त्यांच्यासमोर, त्यांच्या हाताने, एका वेळी एकच फळी, आणि अर्ध्या तासाहून जास्त नाही. दमलेलं माणूस सगळंच ठेवा म्हणतं.

सुरुवात औषधांपासून करायची, कारण धोका तिथे आहे आणि आठवणी कमी. मुदत संपलेल्या गोळ्या, पाण्यात कालवून ठेवलेलं प्रतिजैविकाचं सिरप (ते सात ते चौदा दिवसांचंच असतं), उघडून महिना झालेले डोळ्यांचे थेंब. इंदूरच्या गाडीत ओल्या-सुक्या कचऱ्याशिवाय घातक कचऱ्याचा वेगळा कप्पा असतो, औषधं तिथे जातात. त्यानंतर गॅसची रबरी नळी. छापलेली मुदत संपली होती, सासूबाईंचं म्हणणं, “गळत तर नाही.” इथे चर्चा केली नाही, नळी त्याच दिवशी बदलली. सगळ्याच गोष्टी मतासाठी ठेवायच्या नसतात. बरण्या, तुपाचे डबे, दोरे, बटणं यांना हात लावला नाही. एक फळी त्यांची, तेवढीच, ती भरली की नवीन आणायच्या आधी जुनं त्यांनी काढायचं.

तीन महिन्यांनी भाताचा नियम टिकला आहे, तेलाचा निम्मा. पलंगाखालची पेटी अजून आहे. कुलूप मात्र नाही. दुधाच्या पिशव्या धुऊन दोरीवर वाळत घालणं सुनेला सगळ्यात जास्त खटकत असे. पण सुका कचरा स्वच्छ आणि कोरडाच द्यायचा असतो, हे नातीने शाळेतून आणलेल्या पत्रकात वाचून दाखवलं. आता दोरीला चिमटे सूनच लावते.